विषुववृत्तावर बर्फ, आणि ज्वालामुखीला विवरच नाही? (माउंट केनिया)

चढणवाट

येत्या जानेवारीत केनियाला जायचं नक्की झालंय. माउंट केनियाच्या पॉइंट लेनानापर्यंत (४,९८५ मी.) चालत जायचं, सिरिमॉनच्या बाजूने वर आणि चोगोरियाच्या बाजूने खाली, असा बेत आहे. नुसतं चढून-उतरून येण्यापेक्षा डोंगर आधी समजून घ्यावा म्हणून नकाशा पसरून बसलोय, पण जितकं बघतो तितका गोंधळ वाढतोय.

सगळीकडे लिहिलंय की हा मृत ज्वालामुखी. मग विवर कुठाय? मधोमध खड्डा हवा, तिथे तर बाटियन आणि नेलिऑन ही सगळ्यात उंच दोन टोकं उभी आहेत आणि त्यांच्यापासून दऱ्या चहूबाजूंना फुटल्यात. किलीमांजारोच्या फोटोत विवर कसं लख्ख दिसतं. शिवाय विषुववृत्त याच डोंगराच्या अंगावरून जातं, तर हिमनद्या टिकल्या कशा? आणि जानेवारी म्हणजे तिथे उन्हाळा धरायचा की हिवाळा? कुणी म्हणतं तेव्हा दक्षिण बाजू चांगली, कुणी म्हणतं उत्तर. बांबूचं जंगलही नकाशात एकाच अंगाला दाखवलंय. कुणी तिथे राहिलं-फिरलं असेल तर सांगा. लांबलचक असलं तरी चालेल.

लिकीकाठ

लांबलचक चालेल म्हणालात, तेव्हा हात सैल सोडून लिहिते. डोंगराच्या वायव्य पायथ्याच्या नान्युकी गावात राहून मी नद्यांचं पाणी मोजायचं काम करत होते. लिकी, नान्युकी, बुर्गुरेत, नारो मोरू या सगळ्या माउंट केनियाच्या पश्चिम आणि वायव्य उतारावरून येणाऱ्या नद्या. सकाळी लवकर पाण्यातल्या पट्टीवरची पातळी वाचायची आणि मान वर करून डोंगर बघून घ्यायचा, कारण दहा वाजले की तो ढगात जाणार हे ठरलेलं. त्यामुळे या डोंगराबद्दल मला जे कळलं ते बरंचसं पाण्याच्या बाजूने कळलं, हे लक्षात ठेवून वाचा.

आधी विवर. तुम्ही शोधताय ते विवर आज हवेत आहे, बाटियनच्याही वर. हा ज्वालामुखी साधारण ३१ ते २६ लाख वर्षांपूर्वी जागा होता. पूर्व आफ्रिकेची खचदरी याच्या पश्चिमेला आहे. तिथे भूकवच ताणलं जाऊन फाटत होतं, त्याच घडामोडीत हा उभा राहिला. त्या काळी शंकू आजच्याहून खूप उंच होता, अंदाज ६,००० मीटरच्या पुढे जातात. उद्रेक थांबले तेव्हा नळीत उरलेला शिलारस तिथेच, खोलवर, सावकाश थंड झाला. सावकाश थंड झाला म्हणून त्याचे स्फटिक मोठे आणि खडक चिवट. तो नेफेलीन सायनाइट. बाहेरचा शंकू मात्र राख, दगडगोटे आणि लाव्ह्याचे थर यांचा, तुलनेने भुसभुशीत. पुढे हिमयुगांत बर्फाने तो कोरत नेला. विवर गेलं, विवराच्या कडा गेल्या, शेकडो मीटर उंचीचा माथा गेला. बाटली फुटून पडली आणि बूच तेवढं जागेवर राहिलं, असं समजा. बाटियन (५,१९९ मी.) आणि नेलिऑन (५,१८८ मी.) म्हणजे ते बूच. या दोघांच्या मधल्या बर्फाळ खाचेला ‘गेट ऑफ द मिस्ट्स’ म्हणतात.

किलीमांजारोचा किबो हा मुख्य शंकू त्या मानाने तरुण आणि निद्रिस्त, त्याच्या विवरातून अजून वायू निघतात, म्हणून त्याचा आकार शाबूत आहे. त्याच्याच शेजारचा मावेंझी मृत आहे आणि तो बघा कसा दातेरी झालाय. मला विचाराल तर किबोपेक्षा माउंट केनिया जास्त शिकवतो, कारण इथे ज्वालामुखीचं पोट उघडं पडलंय.

विवर शोधण्यात तुम्ही एकटे नाही. सॅम्युएल टेलेकी हा हंगेरियन प्रवासी १८८७ मध्ये ४,३५० मीटरच्या आसपास पोचला, समोर चहूकडून कडे उठलेले दिसले आणि आपण ज्वालामुखीच्या विवरात उतरलोय असं त्याला वाटलं. तो उभा होता हिमनदीने कोरलेल्या दरीच्या डोक्याशी. त्याच दरीला आज टेलेकी दरी म्हणतात. नकाशावर चहूबाजूंना फुटलेल्या दऱ्या तुम्ही म्हणता त्या सगळ्या अशाच, यू आकाराच्या. जुने हिमोढ, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेले दगडमातीचे ढीग, ३,३०० मीटरपर्यंत खाली सापडतात, म्हणजे बर्फ एके काळी कुठवर आला होता ते बघा.

आता बर्फ टिकतो कसा. हिशेब साधा आहे. समुद्रसपाटीला सरासरी २७ अंश धरा, दर १०० मीटरला साधारण ०.६ अंश घटतं. म्हणजे ४,५०० मीटरच्या आसपास वर्षाची सरासरी शून्यावर येते, प्रत्यक्षात जरा आणखी वर. या डोंगराचा माथा त्या रेषेच्या थोडासाच वर आहे. तो ‘थोडासा’ फार महत्त्वाचा आहे, त्यावर पुढे येते. लोकांना हे पटायला मात्र फार वेळ लागला. योहान लुडविग क्राप्फ या जर्मन मिशनऱ्याने ३ डिसेंबर १८४९ रोजी किटुईहून हा पर्वत बघून कळवलं की माथ्यावर बर्फ आहे, तर इंग्लंडमधल्या भूगोलतज्ज्ञांनी विश्वासच ठेवला नाही. आजूबाजूच्या किकुयू, एंबू, मेरू लोकांना हे पिढ्यान्‌पिढ्या दिसत होतंच. किकुयूंचा देव ङाई याच पर्वतावर राहतो आणि घराचं दार त्याच्याकडे तोंड करून ठेवायची त्यांची जुनी रीत आहे. देशाचं नावही पर्वतावरूनच पडलं.

उन्हाळा की हिवाळा, हा तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला. विषुववृत्तावर वर्षभर दिवस बारा तासांचा. महिन्यामहिन्यांतला तापमानाचा फरक दोन-तीन अंशांचा, आणि एकाच दिवसात दुपार ते पहाट फरक त्याच्या कितीतरी पट. ४,२०० मीटरवर दुपारी दहा अंशांच्या आसपास आणि पहाटे शून्याखाली, हे बारा महिने. जर्मन भूगोलतज्ज्ञ कार्ल ट्रोल याने १९३४ मध्ये कार्ल वीनबरोबर इथल्या लुईस हिमनदीचा नकाशा केला होता. उष्ण कटिबंधातल्या उंच पर्वतांचं हवामान वर्षावर नाही, दिवसावर चालतं, हे त्याने पुढे फार नीट मांडलं. इथला ‘हिवाळा’ रोज रात्री येतो.

ते जमिनीवर दिसतं. पहाटे वाटेवरची ओली माती उचललेली असते, खालून बर्फाच्या बारीक काड्या उभ्या राहून तिला वर ढकलतात. नऊ-दहा वाजता त्या वितळल्या की माती जराशी उताराकडे घसरते. रोज रात्री पुन्हा तेच. अशा जमिनीत रोपाचं मूळ धरणं कठीण, म्हणून वरच्या भागात उघडे पट्टे दिसतात. आणि जी झाडं तगलीत त्यांनी रोजच्या थंडीचा बंदोबस्त केलाय. जायंट ग्राउंडसेल (डेंड्रोसेनेसिओ) आपली वाळकी पानं खोडावरच राखतं, ती पांघरूण होतात, आणि वरची पानं रात्री मिटून आतला कोंब झाकतात. लोबेलियाची एक जात पानांच्या वाटीत पाणी साठवते. रात्री वर बर्फाचा पापुद्रा धरतो, खालचं पाणी गोठत नाही आणि त्यातला कोंब वाचतो. दुसरी, लोबेलिया टेलेकी, केसाळ उंच तुरा काढते. वर्षानुवर्षं वाढते, एकदाच फुलते आणि मरते. तिच्यावर लाल-पिसांचा हिरवा शिंजीर येतो. तुमच्या सिरिमॉन वाटेवरच्या शिप्टन्स कॅम्प या मुक्कामाच्या अलीकडे मॅकिंडर दरीत ही सगळी मंडळी दाटीने भेटतील. तिथे घाई करू नका.

उत्तर-दक्षिणेचं उद्या लिहिते, आज एवढंच.

कातळमित्र

लिकीकाठ यांनी ठेवलेला धागा मी थोडा पुढे नेतो, कारण उत्तर-दक्षिण हा आम्हा दोरवाल्यांचा विषय.

सूर्य डिसेंबर-जानेवारीत दक्षिणेकडे असतो, जून-जुलैत उत्तरेकडे. शिखर विषुववृत्तापासून जेमतेम १६ किमी दक्षिणेला. त्यामुळे जानेवारीत दक्षिणेच्या कड्यावर ऊन आणि खडक कोरडा, तेव्हाच उत्तरेचा कडा सावलीत, भेगांमध्ये बर्फ. जुलै-ऑगस्टमध्ये बरोबर उलटं. एकाच शिखराच्या दोन बाजूंना एकाच दिवशी दोन ऋतू. तुम्हाला परस्परविरोधी सल्ले मिळाले ते दोन्ही बरोबर असतील, फक्त महिना वेगळा असेल. नेलिऑनची नेहमीची वाट आग्नेय बाजूने, म्हणून ती जानेवारी-फेब्रुवारीत करतात. ती १९२९ मध्ये एरिक शिप्टन आणि विन हॅरिस यांनी काढली. बाटियनवर पहिला पाय त्याच्याही आधी, १३ सप्टेंबर १८९९ला, इंग्रज भूगोलतज्ज्ञ हॅलफर्ड मॅकिंडर आणि त्याचे वाटाडे सेझार ओलिए व जोझेफ ब्रोशेरेल यांचा. मासाई लायबोन म्हणजे धर्मप्रमुखांची नावं शिखरांना देणारा मॅकिंडरच.

तुमच्यासाठी कामाचं : शिप्टन्स कॅम्प उत्तर बाजूला आहे. जानेवारीत तिथून लेनानाकडे पहाटे निघाल की वाट सावलीत, कडक गोठलेली असते. हातमोजे चांगले घ्या, काठ्या घ्या, आणि आधी बर्फ पडून गेला असेल तर बुटांना लावायचे छोटे खिळे जवळ असू द्या. बाटियन-नेलिऑनला मात्र दोर आणि कातळ चढायचं शिक्षण लागतंच, तिकडे ‘जमलं तर बघू’ म्हणून वळू नका. नेलिऑनच्या माथ्यावर हॉवेल हट नावाची पत्र्याची इवलीशी खोपी आहे. तिच्यात काढलेली रात्र मी विसरणार नाही.

लिकीकाठ

कातळमित्र, छान लिहिलंत. मी याच गोष्टीचा पावसाचा भाग सांगते, म्हणजे बांबूचंही उत्तर येईल.

हिंदी महासागरावरून येणारे ओले वारे पर्वताला पूर्व आणि आग्नेयेकडून धडकतात. तिकडे वर्षाला २,००० मिमीच्या वर पाऊस, उत्तरेच्या पायथ्याशी ९०० मिमीच्याही आत. पावसाचे हंगाम दोन, मार्च ते मे मोठा आणि ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा. तुमचा जानेवारी या दोन्हींच्या मधला, योग्य निवडलात. सर्वात जास्त पाऊस जंगलाच्या पट्ट्यात पडतो, त्याच्या वर गेलात की पुन्हा घटतो. माथ्यावर जे पडतं ते बहुतेक बर्फ किंवा गारा.

म्हणून बांबू दक्षिणेला आणि पूर्वेला, साधारण २,४०० ते ३,००० मीटरच्या दरम्यान, दाट. सिरिमॉनच्या कोरड्या बाजूला त्याच उंचीवर सीडार आणि पोडोकार्पस. त्यावर दोन्हीकडे हॅजेनिया आणि हायपेरिकमची शेवाळलेली, वाकडीतिकडी झाडं, मग हीथची झुडपं, मग गवताचे झुबके आणि कालच्या त्या लोबेलिया. तुमचा बेत फार चांगला आहे तो यासाठीच. कोरड्या बाजूने चढून ओल्या बाजूने उतराल, म्हणजे एकाच पर्वताचे दोन स्वभाव सलग बघाल. नारो मोरूची वाट जवळची म्हणून लोक घेतात, पण ती ३,०५० मीटरच्या मेट स्टेशन या मुक्कामावरून एका दमात ४,२०० मीटरला नेते, मधे चिखलाची दलदल लागते आणि विरळ हवेचा त्रासही फार जणांना होतो. सिरिमॉनलाही ओल्ड मोझेसच्या मुक्कामाला (३,३०० मी.) एक रात्र जास्त काढलीत तर शिप्टन्सला डोकं शांत राहील.

आणि सकाळी चढायचं ते का, तेही सांगते. सूर्य वर आला की उतार तापतात, खालची ओली हवा दऱ्यांमधून वर सरकते आणि दुपारच्या आत माथा झाकते. संध्याकाळी उतार थंड झाले की हवा खाली वाहते, आकाश मोकळं होतं. बरेच दिवस हे घड्याळ चुकत नाही. लेनानावर सूर्योदयाला पोचायचा आग्रह गाइड धरतात तो सुंदर फोटोंसाठी असेलही, पण मुख्य कारण हे.

पानगळ

वाचतेय, खूप आवडलं. एक विचारू? हिमनद्या संपत आल्यात असं ऐकलं. त्या गेल्या की केनियाच्या नद्या आटतील ना? मुलीच्या शाळेच्या प्रकल्पात तिने तसं लिहिलंय.

लिकीकाठ

पानगळ, हे विचारलंत ते बरं केलंत, कारण यावर मला मनापासून बोलायचं होतं.

हिमनद्या खरोखर संपत आल्यात. मॅकिंडरच्या वेळी १८ होत्या, त्यातल्या कित्येक नकाशात नावापुरत्या उरल्या. लुईस ही सगळ्यात मोठी, तिच्या घनफळातला सुमारे ९० टक्के बर्फ १९३४ ते २०१० या काळात गेला, आणि तिचे दोन तुकडे झाले. मी वर म्हटलं ना की माथा शून्याच्या रेषेच्या ‘थोडासाच’ वर आहे? ती रेषा जरा वर सरकली की बर्फाला सरकायला वर जागाच नाही. तापमान हे एक कारण. दुसरं, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पूर्व आफ्रिकेची हवा कोरडी होत गेली. ढग आणि ताजा बर्फ कमी म्हणजे उन्हाचा मारा जास्त, कारण ताजा पांढरा बर्फ ऊन परतवतो, जुना मळका बर्फ ते शोषतो. या हिमनद्यांची माघार त्या काळातच सुरू झाली, तापमानवाढीने पुढचं काम केलं.

पण नद्यांचं उत्तर वेगळं आहे. पर्वताचा घेर तळाशी शंभर किलोमीटरच्या आसपास रुंद, आणि हिमनद्या म्हणजे माथ्यावरचे लहान तुकडे. त्यांच्या वितळण्याचा नद्यांतला वाटा आधीपासूनच अगदी किरकोळ. कोरड्या महिन्यांत पट्टीवर जे पाणी मी वाचायचे ते जंगलात आणि वरच्या दलदलीच्या, गवताळ पट्ट्यात मुरलेलं आणि सावकाश पाझरणारं पाणी होतं. ज्वालामुखीचे सच्छिद्र थर त्याला साठवून ठेवतात. मुलीला सांगा, बर्फ गेला तर पर्वताचं रूप जाईल, झाडांचा-किड्यांचा एक अधिवास जाईल, जुन्या हवामानाची नोंद जाईल. नद्या जातील त्या जंगल तुटलं तर.

त्या नद्यांवर किती जण अवलंबून आहेत ते प्रकल्पात जरूर घाला. दक्षिण आणि पूर्वेचं पाणी टाणा नदीला मिळतं. ते म्वेआची भातशेती भिजवतं, मसिंगा, गिटारू, किंदारुमा या धरणांतून वीज देतं आणि शेवटी हिंदी महासागरात जातं. उत्तर-पश्चिमेचं पाणी एवासो ङिरोला मिळतं, आणि ती कधी समुद्राला पोचतच नाही, लोरियनच्या दलदलीत संपते. माझ्या नद्या या दुसऱ्या. वर नान्युकी-टिमाऊकडे भाजी आणि फुलांची मोठी शेती, छोटे शेतकरी, गावाचा नळ, सगळे तिथूनच पाणी उचलतात. खाली सांबुरूमधले पशुपालक आणि हत्ती त्याच नदीची वाट बघतात. काही वर्षी फेब्रुवारीत तिथल्या आर्चर्स पोस्ट गावाजवळ पात्र कोरडं पडतं. तेव्हा वरच्या पट्ट्यांवर पाणी असायचं, मी स्वतः वाचलेलं, आणि ते खाली पोचत नव्हतं. पाणी उचलणाऱ्यांचे नदीवार गट आता बसून पाळ्या ठरवतात. जिथे ते नीट चालतं तिथे फरक पडतो, हे मी बघितलंय, आणि असे गट जगवायला हवेत असं मला फार वाटतं.

चढणवाट

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं, तुम्हा दोघांचे मनापासून आभार. ओल्ड मोझेसला जादा रात्र आजच बेतात घातली. शेवटचं एक : चोगोरियाकडून उतरताना भूरूपांच्या दृष्टीने काय चुकवू नये?

लिकीकाठ

गॉर्जेस दरी. लेनानावरून पूर्वेकडे उतरलात की हॉल टार्न्सची तळी लागतील, तिथे काठापर्यंत जा. पायाखाली सरळ कडा तुटतो आणि खोल तळाशी लेक मायकलसन दिसतं. हिमनदीने आधी पायरी कोरली, मग तिच्या खाली खड्डा, त्या खड्ड्यात हे पाणी. दरीच्या भिंतींवर लाव्ह्याचे थर एकावर एक मोजता येतील इतके स्पष्ट आहेत, म्हणजे सकाळी बूच बघाल आणि दुपारी बाटलीची काच. थोडा वेळ असला तर ईशान्येकडे इथांगुनी आणि रुतुंडू हे लहान उपशंकू ओळखायचा प्रयत्न करा, ते मूळ पर्वताच्या अंगावर नंतर उगवलेत. ढग भरून यायच्या आत हॉल टार्न्स गाठा, म्हणजे लेनानावर फार वेळ रेंगाळू नका. शिप्टन्सहून पहाटे तीनच्या सुमाराला निघालात तर जमेल.

कातळमित्र

तीन उशीर होईल, अडीच म्हणा. गोठलेल्या वाटेवर पावलं हळू पडतात.